मुकादमाची बाबागाडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या माहेरी सगळे मुकादम म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. नाव बाबांनी ठेवलं. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा बाबा स्टुलावर चढून खिडकीला पडद्याची दांडी लावत होते. वडीलधारा माणूस हात वर करून धडपडतोय म्हटल्यावर कोणीही उठलं असतं. हा खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "थोडं डावीकडे घ्या. अजून. हां, आता ठोका." तो गेल्यावर बाबा म्हणाले, "मुकादम झकास मिळालाय, पण आपल्याकडे मजूर कुठे आहेत?" आई खूप हसली. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

बायकोची थोरली बहीण म्हणजे नात्याने मी त्याची अक्कडसासू. नात्यातच अकड दिलेली आहे, तेव्हा ती मी वापरली तर कोणी मनाला लावून घेऊ नये. तो मला "ताई, ताई" करतो, मी त्याला तोंडावर "तुम्ही" म्हणते. इथे लिहिताना तेवढे कष्ट घेणार नाही.

त्याची नोकरीही त्याला शोभेशीच आहे. लोकांचं घरसामान या पत्त्यावरून त्या पत्त्यावर पोचवणारी एक कंपनी आहे, तिच्यात तो हमालांच्या टोळीवर असतो. ट्रक येतो, माणसं खांद्याला पट्टे लावून कपाटं उचलतात आणि हा जिन्याच्या तळाशी एक हात कमरेवर, दुसरा हवेत, असा उभा राहतो. "तिरकं करा. कोपरा सांभाळा. अरे भिंत, भिंत!" कपाट वर पोचतं. मग तो रुमाल काढून कपाळ पुसतो. घाम त्याला कशाचा येतो हे मला आजवर कळलेलं नाही. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्याची एक ठाम समजूत झालेली आहे, की जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही जिन्याने जाते, फक्त नीट सांगणारा पाहिजे. वस्तूला वजन असतं ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

राहतं घरही त्यानेच पसंत केलं. सुटं, जुनं घर, रस्त्यापासून चांगलंच उंच. फुटपाथवरून निघालेल्या दगडी पायऱ्या सरळ दारापर्यंत चढत जातात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, मधे दम खायला जागा नाही आणि वर दारासमोर जेमतेम पायपुसणं मावेल एवढी जागा. पायऱ्या किती ते मी कधी मोजलं नाही, वर पोचेपर्यंत माझं बोलणंच बंद झालेलं असतं. हा मात्र घर बघायला गेला तेव्हा खाली उभा राहून मान वर करून म्हणाला, "घराला रुबाब आहे." बहिणीने विचारलं होतं, की रोजचं सामान, गॅसची टाकी, म्हातारी माणसं आली तर? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. "मी आहे ना."

हे "मी आहे ना" ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. सकाळी घर सोडणारा आणि अंधार पडल्यावर येणारा हा माणूस, नक्की कुठे असतो?

माझी बहीण विजेच्या मीटरचे आकडे घ्यायचं काम करायची. दिवसभर पायी. कुठल्या गल्लीतला कुत्रा अंगावर येतो, कुठल्या घराचा मीटर कोळशाच्या पोत्यांमागे लपलाय, सगळं तिला पाठ. सुट्टीच्या दिवशीही ती घरात टिकायची नाही. "जरा एक चक्कर मारून येते" म्हणायची आणि दोन तासांनी उगवायची. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणायची, "कुठे नाही, अशीच." चालणं हाच तिचा स्वभाव होता. पोटात जुळं आहे असं कळलं तेव्हा आनंदाचा भर ओसरल्यावर तिने माझ्याजवळ पहिली काळजी बोलून दाखवली ती याचीच. "ताई, या पायऱ्यांवरून दोघांना घेऊन मी एकटी कशी उतरणार गं? कोणाची वाट न बघता मला बाहेर पडता आलं पाहिजे. बाकी काही नको." एवढीच तिची मागणी होती. जगातल्या बाबागाड्या बनवणाऱ्यांनी ती कधीच पुरी केलेली आहे. मधे मुकादम होता.

बाबागाडी घ्यायला आम्ही तिघं गेलो. बाळांच्या सामानाचं मोठं दुकान होतं. तिथल्या विक्रेत्या बाईने जुळ्यांसाठीचे प्रकार दाखवले. काहींत बाळं एकामागे एक बसतात, काहींत शेजारी शेजारी. कुठली मिटायला सोपी, कुठली दारातून जाते, सगळं ती शांतपणे सांगत होती. मग तिने विचारलं, "घराला लिफ्ट आहे की पायऱ्या?"

"पायऱ्या," मुकादम म्हणाला. "दगडी. एकदम भक्कम."

"मग वजनाकडे बघून घ्या. ही हलकी आहे. एका हाताने मिटते, काखेत मारून नेता येते. बाईंना एकटीला..."

"वजनाचं काय घेऊन बसलात?" तो म्हणाला. "वजन म्हणजे मजबुती."

बाई माझ्या बहिणीकडे वळली. "तुम्ही बघता का जरा हातात घेऊन?" बहीण पोट सावरत पुढे झाली, तिने हलक्या गाडीच्या दांड्याला हात घातलाही. लगेच हा ओरडला, "अगं अगं, वाकू नकोस! तू कशाला उचलतेस? उचलायला माणसं असतात." काळजी म्हणावी तर काळजीच होती ती. बहिणीचा हात तिथेच थांबला, आणि मग तिने तो मागे घेतला.

पुढचा तासभर त्याने दुकान डोक्यावर घेतलं. एकेका गाडीवर बोटांनी टकटक करून बघितलं. सांधे हलवले. गुडघ्यांवर बसून चाकांखाली डोकं घातलं. माणसं मूल बसवून बघतात, हा वस्तू वाहतुकीत टिकेल का ते बघत होता. शेवटी त्याने निवडली ती शेजारी शेजारी बसायची, पोलादी सांगाड्याची, सायकलीसारख्या मोठाल्या चाकांची. बाबागाडी कसली, बैलगाडीच ती, फक्त बैल जोडायचे राहिले होते. "ट्रकमध्ये उलटी टाकली तरी ओरखडा येणार नाही," तो म्हणाला.

"बाळं ट्रकने न्यायचीयत का?" मी विचारलं.

"ताई, तुम्हाला यातलं कळत नाही," तो म्हणाला, अगदी प्रेमाने. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर बाळांच्या आया माझ्यासमोर गाड्या ढकलत येतात. पण मला यातलं कळत नाही, आणि ज्याने आयुष्यात रिकामं टेबलसुद्धा उचललं नाही त्याला कळतं. मी बहिणीकडे बघितलं. ती गाडीच्या निळ्या छताकडे बघत म्हणाली, "रंग छान आहे." ती बोलण्यासारखं काही उरलं नाही की रंगावर येते.

गाडी घरी आली ती कंपनीच्या ट्रकमधून, त्याच्याच हमालांबरोबर. त्यांनी ती मिटलेली, रिकामी गाडी हसत हसत वर नेली. हा खाली उभा होता आणि त्याचा हात हवेत होता. दाराची मापं त्याने आधीच घेऊन ठेवली होती. दोन्ही फळ्या उघडल्या की गाडी बरोबर आत जात होती. "बघा," तो मला म्हणाला, "दोन्ही बाजूंना बोटभर जागा सुटते." त्याच्या तोंडावर अशी धन्यता होती, जणू दार त्यानेच बनवलंय. गाडी चिंचोळ्या बोळात उभी राहिली, स्वयंपाकघराचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं.

मग मुली झाल्या. पोट फाडूनच काढाव्या लागल्या. पहिली जन्मल्यापासून रडतेय, तिला आम्ही रडूबाई म्हणतो. दुसरी तिच्या शेजारी ढाराढूर झोपते, ती झोपाळू. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला सांगितलं, जड काही उचलायचं नाही, आणि टाके भरले की रोज मोकळ्या हवेत चालायचं. पुढे टाके भरले, चालायची परवानगी मिळाली, तरी बहीण घरातच. मी दुपारी जायची तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची, एक मूल मांडीवर, एक खांद्यावर, आणि नजर रस्त्यावर. ती बारीकसारीक गोष्टींवरून रडायची. दूध उतू गेलं म्हणून रडली. मोजा सापडला नाही म्हणून रडली. आयुष्यभर उन्हातान्हात फिरलेली बाई घरात बसून पांढरीफटक पडत चालली होती, आणि हा रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "आज काय विशेष?"

खरी अडचण काय आहे ते तिने त्याला माझ्यासमोर नीट समजावून सांगितलं. गाडी वर ठेवली तर ती भरलेली उतरवणं एकट्या माणसाचं काम नाही. आधी रिकामी गाडी खाली न्यायची म्हटलं, तर तीही तिला उचलवत नाही. बरं, कोणी नेऊन ठेवली असं धरू. मग मुली.

"एकेक ने," तो म्हणाला. "सोपं आहे. आधी एक, मग दुसरी."

"आधी कोणती?" बहिणीने विचारलं.

"कोणतीही."

"एकीला खाली नेऊन गाडीत ठेवलं आणि दुसरीला आणायला मी वर आले, तर खालची रस्त्यावर कोणाच्या भरवशावर?"

तो विचारात पडला. त्याच्या धंद्यात हा प्रश्न येत नाही. खाली सोफा ठेवून माणसं फ्रिज आणायला वर गेली तर सोफा रडत नाही, आणि त्याला कोणी उचलून नेईल म्हणून कोणाच्या पोटात गोळाही येत नाही. मग तो म्हणाला, "मी आल्यावर जात जाऊ ना. मी आहे ना."

"मला तुम्ही नसताना जायचंय," ती म्हणाली. यात त्याला अपमान वाटला. तो जेवला नाही, म्हणजे आमच्यासमोर जेवला नाही.

एका रविवारी तो उत्साहात आला. सगळ्यांनी मिळून बागेत जायचं. मलाही बोलावलं. मला वाटलं, चला, माणसाला जाग आली. मुलींना पट्टे लावून गाडीत बसवलं, दोन्ही फळ्या उघडल्या, गाडी बोटभर जागा सोडून बाहेर आली. मी मागचा दांडा धरला. बहीण म्हणाली, पुढून तुम्ही धरा. तो "हो हो" म्हणाला, तिच्या बाजूने सरकून पुढे झाला आणि पायऱ्या उतरून थेट खाली जाऊन उभा राहिला. एक हात कमरेवर गेला. दुसरा हवेत गेला.

"या," तो म्हणाला. "सावकाश. डावं चाक आधी. टेकवू नका, रंग जाईल."

देवाशपथ सांगते, त्याला कळलंच नव्हतं. तो काही लबाडी करत नव्हता. जिना दिसला की त्याचे पाय आपोआप तळाशी जातात आणि तोंड आपोआप चालू होतं. गाडीचं पुढचं टोक कोणी धरलं? पोटावरचे टाके जेमतेम भरलेल्या माझ्या बहिणीने. ती मागे तोंड करून, एकेक पायरी पायाने चाचपत उतरत होती, आणि तो तिच्या पाठीमागून तिला डावं-उजवं सांगत होता. अर्ध्यावर तिच्या तोंडातून बारीक आवाज आला. मी गाडी तिथेच टेकवली. रंग गेला.

मी त्याला त्या दिवशी भर रस्त्यात जे बोलायचं ते बोलले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. समोरच्या दुकानातला सायकलवाला पाना हातात धरून ऐकत राहिला. मुकादमाने मला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाला, "ताई, मला पाठीचा त्रास आहे." पाठीचा त्रास! ओझं न उचलता पाठ दुखवून घेणं हेही त्यालाच जमावं.

बागेत गेलो नाही. मुलींना कडेवर घेऊन आम्ही दोघी वर आलो. गाडी त्याने दोन वाटसरूंना सांगून वर आणवली.

आता तरी तो गप्प बसेल असं कोणालाही वाटलं असतं. पण अशा माणसाला चूक दाखवली की त्याला नवी कल्पना सुचते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने ट्रकमध्ये सामान चढवायच्या लांब फळ्या आणल्या आणि पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत आडव्या पट्ट्या ठोकून घसरण केली. अर्थात ठोकल्या हमालांनी. "उचलायचा प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "नुसतं सोडत सोडत न्यायचं." घसरण इतकी उभी होती की चिमणीही तिच्यावर बसताना विचार करेल.

"आधी मुलींना नाही बसवायचं," बहीण दारातून म्हणाली. तिच्या दोन्ही हातांवर दोघी होत्या.

"मी काय वेडा आहे?" तो म्हणाला, आणि त्याने पिशवीतून दोन भोपळे काढले. मुलींच्या वजनाचे बघून आणले होते. ते त्याने गाडीत ठेवले, त्यांना पट्टे लावले. एका भोपळ्याच्या देठाखाली उशीसुद्धा सरकवली. मग मला म्हणाला, "ताई, तुम्ही वरून धरा आणि हळूहळू सोडा. मी खाली झेलायला थांबतो." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, होऊन जाऊ दे, एकदाचा तोंडावर पडू दे.

गाडी फळीवर आली मात्र, आणि माझ्या हातात ओढ बसली. पहिल्या हिसक्यालाच खांदा उखडतोय असं वाटलं. मी दोन्ही पाय रोवले, दात-ओठ खाऊन धरलं. दांडा हातातून निसटला. ती पोलादी गाडी खडखडाट करत खाली सुटली, आणि झेलायला उभा असलेला माणूस टुणकन उडी मारून बाजूला झाला.

गाडी त्याच्या अंगावरून वारा घालत फुटपाथ ओलांडून गेली, रस्ता ओलांडून गेली आणि सायकलवाल्याने बाहेर मांडलेल्या सायकलींवर जाऊन आदळली. सायकली एकावर एक आडव्या झाल्या. नशीब, रस्त्यावर त्या वेळी काही नव्हतं. सायकलवाला धावत बाहेर आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "साहेब, आत बाळं नव्हती ना?"

"भोपळे होते," मुकादम म्हणाला, अगदी ताठ मानेने.

भोपळे फुटले होते. पिवळा गर सीटवर, चाकांवर, रस्त्यावर पसरला होता. त्याच्या भ्रमाचा भोपळा मात्र शाबूत होता. त्याने आधी मला वर बघून सांगितलं, "तुम्ही लवकर सोडलीत." मग सायकलवाल्याला विचारलं, "सायकली अशा रस्त्यात कशाला मांडता?" गाडीला नवा ओरखडा आलेला नव्हता, हे त्याने आल्यागेल्याला दाखवलं. संध्याकाळी हमालांनी फळ्या उपटून नेल्या आणि गाडी पुन्हा वर बोळात आणून ठेवली.

खरं सांगायचं तर त्या जागी कोणीही उडी मारली असती. मीही मारली असती. जीव सगळ्यांना प्यारा असतो. पण मी वळून बहिणीकडे बघितलं तेव्हा ती गाडीकडे बघत नव्हती, भोपळ्यांकडेही नाही. तो जिथे उभा होता आणि आता नव्हता, त्या जागेकडे ती बघत होती. मग ती मुलींना घेऊन आत गेली.

मी मागोमाग गेले. ती मुलींना पलंगावर ठेवत होती. "तो बाजूला झाला," ती म्हणाली.

"अगं, भोपळे होते आत."

"हो," ती म्हणाली. "भोपळे होते."

त्यानंतर तिचं रडणं थांबलं. मला वाटलं तब्येत सुधारतेय. पुढच्या वेळी गेले तर ती एका लांब रुंद कापडाने रडूबाईला छातीशी बांधत होती. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मग झोपाळूला एका हातावर घेऊन बोळातून या टोकाला, त्या टोकाला. दुसरा हात मोकळा ठेवायचा, कठड्यासाठी. रोज थोडं थोडं. टाक्यांवर ताण येतो का हे तिने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. विक्रेत्या बाईला फोन करून तिने ती हलकी गाडी मागवली, तीच, जिच्या दांड्यावरून हात मागे घेतला होता. ती घरी आणलीच नाही. सायकलवाल्याशी बोलून त्याच्या दुकानातल्या मागच्या कोपऱ्यात ठेवायची सोय केली. "खाली लागणारी वस्तू वर कशाला हवी?" ती मला म्हणाली. इतकी साधी गोष्ट! आणि आमचं शहाणं माणूस घसरगुंडी बांधत बसलं होतं. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने तो कोपरासुद्धा मोजला असता.

ज्या दुपारी ती जायची होती त्या दुपारी मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेले. म्हटलं, आपण पुढे राहू, हात देऊ. रडूबाई छातीशी बांधलेली, झोपाळू हातावर, आणि बहीण दारात उभी. "ताई, तू नको," ती म्हणाली. "तू आत थांब. आणि खिडकीतून बघू नकोस."

मी खिडकीतून बघितलं नाही. बोळात उभी राहून तिच्या चपलांचा आवाज ऐकला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. मग आवाज बंद झाला. मी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिलेला नाही, त्या वेळी दिला. खूप वेळाने मला रस्त्याच्या पलीकडून सायकलवाल्याचा आवाज आला, "या ताई, गाडी काढून ठेवलीय," आणि मी तिथेच बोळात खाली बसले.

तासाभराने मुकादम उगवला. कसलंसं काम लवकर आटपलं होतं म्हणे. आत आला, खोल्या बघितल्या, पाळणे बघितले.

"कुठे आहे ही?"

"फिरायला गेलीय."

"मुली?"

"त्याही गेल्यात."

तो हसला. मग बोळातल्या निळ्या छताच्या गाडीपाशी गेला आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, काहीतरीच काय. गाडी तर इथेच आहे." आणि खरोखर, तो मागचं अंगण बघून आला, न्हाणीघराचं दार वाजवून आला. गाडी इथे आहे म्हणजे बायको इथे आहे, असा त्याचा हिशेब होता. मग त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. "कोणी नेलं तिला? कोण आलं होतं?" तिला कोणीतरी नेल्याशिवाय ती जाऊ शकते हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. तो पुन्हा पाळण्यांपाशी गेला आणि दुलया उचलून बघायला लागला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून मला माझाच राग आला.

तेवढ्यात खालून रडूबाईचं रडणं ऐकू आलं. आम्ही दोघं दारात आलो. बहीण फुटपाथवर होती, उन्हाने लाल झालेली, केस विस्कटलेले. तिने झोपाळूला गाडीतून उचललं, कठडा धरला आणि चढायला लागली.

"थांब, थांब!" तो धावत खाली उतरला आणि मधल्या पायरीवर तिच्यासमोर उभा राहिला. "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही," ती म्हणाली. "अशीच."

तिला दम लागला होता, पण तोंडावर हसू होतं. किती महिन्यांनी बघितलं मी ते! त्याने दोन्ही हात पुढे केले. "आण, एक माझ्याकडे दे." पहिल्यांदाच, कोणी न सांगता, त्याने काहीतरी उचलायला हात पुढे केले होते. ती थांबली. तिने त्या हातांकडे बघितलं, अगदी नीट बघितलं. मग म्हणाली, "जरा भिंतीकडे सरका. मला जायचंय." तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ती त्याच्याजवळून एकेक पायरी चढत वर आली. दोघींपैकी एकही त्याच्याकडे दिली नाही. माझ्यापाशी पोचल्यावर ती न वळता म्हणाली, "खाली गाडी तशीच आहे. तेवढी ठेवून या." आणि ती मुलींना घेऊन आत गेली.

तो खाली गेला. ती चिमुकली हलकी गाडी त्याने इकडून बघितली, तिकडून बघितली. मिटायची कशी ते कळेना. मग त्याने ती तशीच उचलून हातात धरली आणि वर बघत हाक मारली, "अगं, कुठे ठेवू ही?"

आतून उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, जरा हळू आवाजात. मी दारात उभी होते, मला माहीत होतं. रस्त्यापलीकडे सायकलवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता, त्यालाही माहीत होतं. आम्हा दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.